वादळाचा मांडव

दारी आलेल्या पाहुण्याला बसायला पाट द्यावा, पाय धुवायला पाणी द्यावे आणि रात्र पडलीच तर निजायला पडवी द्यावी, हे आमच्या जोयड्याच्या रानात अजूनही कोणाला शिकवावे लागत नाही. परंतु पाहुणा जर चार चाकांचा असला, जमिनीपासून वीतभर उंच असला, आणि त्याने आता कायमचेच राहायला यायचे ठरवले असले, तर त्याला कोणती पडवी द्यावी, हा प्रश्न माझ्यापुढे 2017 सालच्या चैत्रात उभा राहिला. तो सुटायला मला अडीच वर्षे लागली. तो कसा सुटला हे सांगण्यासारखे आहे, कारण तो मी सोडवला नाही. एका अडाणी म्हणवणाऱ्या शेजाऱ्याने आणि आश्लेषाच्या पावसाने मिळून तो सोडवला.

हा पाहुणा म्हणजे माझ्या दिवंगत वडील बंधूंची मोटार. आमच्या ह्या भागातल्या मुलांनी टेंपो पाहिले आहेत, जीपगाड्या पाहिल्या आहेत, व्याघ्र प्रकल्पात येणाऱ्या प्रवाशांच्या मोठमोठ्या गाड्याही पाहिल्या आहेत. पण दोनच माणसांची, कापडी टपाची, पिवळ्याधमक रंगाची आणि एखाद्या मोठ्या बेडकासारखी जमिनीला चिकटून बसलेली ही गाडी त्यांनी कधी पाहिली नव्हती. ट्रकमधून ती फळ्यांवरून खाली उतरवताना निम्मा गाव गोळा झाला. कोणी विचारले, "मास्तर, परदेशची काय?" मी सांगितले, "नाही रे, आपल्या गोव्याची." कोणाचा विश्वास बसला नाही.

पण ते खरे होते. 1998 साली 'सॅन स्टॉर्म' ह्या नावाने ही दोन आसनांची खेळकर मोटार गोव्यात तयार होऊन बाजारात आली. भारतात तेव्हा अँबॅसडर आणि पद्मिनी ह्या दोन वयस्क बहिणी अजून रस्त्यावर होत्या. अशा दिवसांत कोणी भारतात उघड्या टपाची मोटार बनवील, हेच नवल. तिचे अकराशे एकोणपन्नास घनसेंटिमीटरचे यंत्र फ्रान्सच्या रेनो कंपनीचे. अंग मात्र पत्र्याचे नव्हे, तर काचतंतूंचे, म्हणजे आपण बोलताना ज्याला फायबर म्हणतो त्याचे. अमेरिकेत शेव्हरोलेची कॉर्व्हेट 1953 साली अशाच काचतंतूंच्या अंगाने निघाली होती. थोड्या संख्येने बनणाऱ्या गाड्यांना पत्रा ठोकण्याची अवजड यंत्रे परवडत नाहीत, म्हणून साच्यात तंतू आणि राळ घालून अंग घडवायचे, ही ती युक्ती. स्टॉर्म म्हणजे वादळ.  थोड्याच गाड्या निघाल्या, आणि मग सुटे भागही दुर्मिळ झाले. दादाने मात्र 2000 साली वास्कोला राहत असताना ती घेतली, आणि शेवटपर्यंत सोडली नाही.

दादाला मोटारींचा शौक होता असे कोणी म्हणेल तर मी नाही म्हणेन. त्याचा शौक निराळाच होता, आणि त्याचे मूळ काळीच्या पात्रात आहे.

काळी आणि पांढरी ह्या दोन नद्यांच्या संगमावर जुने सुपे गाव होते. आमचा तालुकाही तेव्हा सुपे तालुकाच म्हणवला जाई. गणेशगुडीजवळ काळीवर एकशे एक मीटर उंचीचे धरण उभे राहिले, 1987 साली ते पुरे झाले, आणि सुपे व त्याच्या आसपासच्या वाड्या पाण्याखाली गेल्या. कचेऱ्या जोयड्याला आल्या. पुष्कळ कुटुंबे रामनगरला वसली. आमची लहानशी वाडीही त्या पाण्यात गेली. वडिलांनी डोंगराच्या उतारावर, भाऊबंदांच्या सामाईक जमिनीत हे घर बांधले, ज्यात मी आज राहतो. दादा तेव्हा छत्तीस वर्षांचा होता, मी तीस. घराची कौले, दारे, वासे, जे जे सुटे करता येईल ते ते आम्ही बैलगाड्यांत घालून वर आणले. देवळाचेही तसेच केले. मूर्ती ब्राह्मणांनी विधिपूर्वक हलवली. पण देवाचा रथ हलवायचा कसा? सुताराने तो सांधा-सांधा उकलला, आणि त्याची चार चाके चार गाड्यांत घालून वर आणली. चढणीवर एका गाडीचा कणा मोडला. तेव्हा तिच्यातले चाक दादाने आणखी तिघांबरोबर खांद्यावर घेऊन वर आणले. त्याच्या डाव्या खांद्यावर त्या चाकाचा वण शेवटपर्यंत होता.

मोटार घेतली तेव्हा वडील हयात होते. ते रागावून म्हणाले होते, "अरे, त्या पैशांत घराला माडी चढली असती." दादा हसला, आणि एवढेच बोलला, "आप्पा, घर एकदा बुडालेले पाहिले. आता जे चालत राहील ते घेतो." तेव्हा ते मला एका नोकरदार माणसाचे चटकदार उत्तर वाटले. त्याचा अर्थ मला पुढे उमगला.

दादा 2017 च्या जानेवारीत गेला. वहिनींनी वास्कोची जागा विकली आणि त्या लेकीकडे पुण्याला राहायला गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी मला विचारले, "भावोजी, गाडीचे काय करावे? विकू नका असे मी म्हणत नाही. पण ती भंगारात गेलेली माझ्याने पाहवणार नाही." मी शब्द दिला. शब्द देताना माणूस छपराचा विचार करीत नाही.

वास्कोलाही तिला छप्पर नव्हतेच. इमारतीच्या मागच्या अंगणात, खाऱ्या वाऱ्यात ती सतरा वर्षे उभी राहिली. पण तिथे दादा होता. दर रविवारी तो तिला पुसून काढी आणि वहिनींना शेजारी बसवून बोगमाळ्यापर्यंत फेरी मारून आणी. आमच्या घरी मोटारखाना नव्हता आणि बांधणेही शक्य नव्हते. जमीन सामाईक, पक्के बांधकाम करायचे तर सात चुलतभावांच्या सह्या हव्यात, आणि त्यांतले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. अंगण उतरते, त्यात तुळशीवृंदावन. गोठ्यात गाय. शिवाय एका निवृत्त शिक्षकाचे निवृत्तिवेतन. शेवटी घराच्या बाजूला, फणसाच्या झाडाखाली थोडी सपाट जागा होती तिथे मी तिला उभी केली, तालुक्याच्या गावाहून एक भली मोठी निळी ताडपत्री विकत आणली, गाडी नखशिखान्त झाकून टाकली, चारी बाजूंनी दोरखंडाने आवळली, आणि मोठ्या समाधानाने हात झटकले.

वाचकहो, सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस ज्याने अनुभवला नाही त्याला त्याचे वर्णन सांगून कळणार नाही. कॅसलरॉकपासून अणशीपर्यंतचा आमचा हा पट्टा म्हणजे समुद्रावरून आलेल्या ढगांनी प्रथम डोके टेकण्याचा उंबरठा. मृग लागला की आकाश आणि जमीन ह्यांमधले अंतरच नाहीसे होते. कपडे चुलीवर वाळवावे लागतात, मिठाला पाणी सुटते, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशीची पांढरी जाळी धरते. आणि पावसाबरोबर सगळे रानही घराच्या आसऱ्याला येते. शेकरू फणसावरून उडी मारते, वानरे फांद्या हलवून जातात, उंदीर कोरडी बिळे शोधतात, आणि उंदरांच्या मागोमाग साप येतात. एके सकाळी ताडपत्रीवर चिखलाचे पंजे उमटलेले दिसले. बिबट्या रात्री तिच्यावर बसून आमच्या गोठ्याचा विचार करीत असावा. मला भीती वाटली ती गाईबद्दल. गाडीबद्दल वाटली नाही, कारण ती झाकलेली होती.

दोन पावसाळे असे गेले. वहिनींचा दर महिन्याला दूरध्वनी येई. "भावोजी, गाडी ठीक आहे ना?" मी म्हणे, "अगदी सुखरूप. एक थेंब लागू दिला नाही." मी खोटे बोलत नव्हतो. ताडपत्री काढून पाहिले नव्हते, एवढेच.

2019 च्या ऑगस्टमध्ये, नागपंचमीच्या सुमारास, आश्लेषाच्या पावसाने कहर केला. त्या आठवड्यात काळीला पूर आला, खाली कद्र्याच्या धरणातून पाणी सोडावे लागले, आणि कारवारच्या बाजूची गावे पाण्यात गेली. आम्ही उंचावर असल्याने पाण्याचे भय नव्हते. भय होते वाऱ्याचे. रात्री नऊच्या सुमारास देवळाच्या दिशेने पत्रे कोसळल्याचा आवाज आला. अर्ध्या तासाने दारावर थापा पडल्या. कंदील घेऊन पाहतो तो गावातली पाच-सहा तरुण मुले, नखशिखान्त भिजलेली. त्यांच्यातला एक धापा टाकीत म्हणाला, "मास्तर, देवाचो रथ भिजता!"

रथखान्याचे पत्रे उडाले होते. आमचा रथ लहानच, परंतु लाकडी. त्यावरचे कोरीव गंधर्व, व्याळ आणि कमळे पिढ्यान्-पिढ्या तेल पिऊन काळी झालेली. पाणी सांध्यांत शिरले की लाकूड फुगते, पाचरी सैल होतात, आणि पुन्हा वाळताना चिरा पडतात. तो झाकायला हवा होता, आणि गावात एकसंध म्हणावी अशी मोठी ताडपत्री एकच होती. मुलांनी ती मागितली नाही. ती नुसती माझ्या खांद्यावरून मागे, फणसाच्या दिशेने पाहत उभी राहिली.

आणि माझ्या तोंडून जो पहिला शब्द निघाला, तो "पण" असा होता.

हा शब्द मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. तो एका श्वासाचाच होता. मुलांनी तो पावसाच्या आवाजात ऐकलाही नसेल. त्या एका श्वासात मी हिशेब केला, की रथ गावाचा आहे आणि गाडी माझ्या शब्दाची आहे. रथाला अख्खा गाव आहे, गाडीला माझ्याशिवाय कोणी नाही. हिशेब चुकीचा नव्हता, आणि तरीही तो करावा लागला ह्याची लाज मला वाटली. मग आतून आमच्या घरातून, म्हणजे माझ्या पत्नीचा, आवाज आला, "अहो, ते चाक भावोजींनीच वर आणले होते ना?" मी काही बोललो नाही. कोयता घेतला आणि दोर कापले.

ताडपत्री रथावर गेली. नऊ दिवस ती तिथेच राहिली. रथ वाचला.

सकाळी पावसाला थोडी उघडीप मिळताच मी गाडीजवळ गेलो. अंगावर पाणी घेऊन ती बिचारी उभी असेल, रात्रभरात तिचे काय झाले असेल, अशी मनात धाकधूक होती. परंतु जे दिसले ते एका रात्रीचे काम नव्हते. आसनांवर हिरवट बुरशीचा बोटभर थर. पायांखालच्या गालिच्यात कुजट पाणी, आणि ते काही काल रात्रीचे नव्हते, कारण त्यात डासांच्या अळ्या खेळत होत्या. यंत्राच्या झाकणाखाली उंदरांनी वाळलेल्या पानांचे ऐसपैस घर केलेले. तारांचे आवरण कुरतडून आतले तांबे उघडे पडलेले. फायबरच्या अंगाला गंज चढत नाही म्हणून मी निश्चिंत होतो. पण अंग फायबरचे असले तरी सांगाडा लोखंडाचा असतो, आणि त्या सांगाड्यावरून हात फिरवला तर तांबडी भुकटी हाताला आली. हातब्रेक ओढून ठेवला होता तो जागच्या जागी धरला होता. दोन वर्षे एकाच बाजूवर टेकलेली चाके खालून चपटी झाली होती. एक थेंब लागू दिला नाही म्हणून मी ज्या अभिमानाने सांगत होतो, त्या थेंबाने बाहेरून येण्याची वाटच पाहिली नव्हती.

शेजारचे कुणबी काका तेव्हा गाईला गवत घेऊन चालले होते. वय ऐंशीच्या पुढे, अक्षरओळख नाही. थोडा वेळ ते गाडीभोवती फिरले, वाकून खालची जमीन पाहिली, हाताने माती उचलून दाबली, आणि म्हणाले, "पावसान न्हय मास्तर, धांपून कुसली ती."

पावसाने नव्हे, झाकून कुजली. मी चाळीस वर्षे मुलांना शास्त्र शिकवले. उष्ण हवेत बाष्प अधिक मावते, थंड पृष्ठभागाला लागले की त्याचे पाणी होते, हे फळ्यावर भांड्याची आकृती काढून किती वेळा समजावून दिले असेल! दिवसा ओल्या जमिनीतून वाफ उठणार, प्लास्टिकच्या ताडपत्रीला वाट नाही म्हणून ती आतच कोंडणार, आणि रात्री गार झाल्यावर तिचे पाणी होऊन गाडीवर ठिबकणार. माझी गाडी दोन वर्षे स्वतःच्याच पावसात भिजत होती. काकांनी हे शास्त्र पुस्तकात वाचले नव्हते. ते भाताची उडवी रचतात तेव्हा खाली लाकडाची माची घालतात, आणि वर गवताचे छप्पर करून बाजू मोकळ्या सोडतात. ओल वरून येते तशी खालूनही येते, आणि वाऱ्यावाचून तिला घालवणारा दुसरा कोणी नाही, हे त्यांच्या हातांना माहीत होते.

त्या नऊ दिवसांत मी रथखान्यात पुष्कळ वेळा जाऊन बसलो. रथ पाहता पाहता एक विचार मनात येई, की देवांच्या वाहनांनाही हा प्रश्न पडला असणारच. मग आपल्या पूर्वजांनी तो कसा सोडवला?

पुरीच्या जगन्नाथाच्या लोकांनी तो मुळापासूनच काढून टाकला आहे. तिथे तिन्ही रथ दरवर्षी नव्याने बांधतात. अक्षय्य तृतीयेला कामाचा आरंभ होतो, आषाढात यात्रा होते, आणि नंतर रथ मोडून टाकतात. जगन्नाथाच्या नंदिघोषाला सोळा चाके, बलभद्राच्या तालध्वजाला चौदा, सुभद्रेच्या दर्पदलनाला बारा. पण त्यांतला एकही रथ पुढचा पावसाळा पाहत नाही. जपायचे ते लाकूड नव्हे. जपायची ती माप, रीत आणि सुतारांच्या घराण्यांची विद्या. उलट आपल्याच कर्नाटकात, हंपीच्या विठ्ठल मंदिरापुढे, विजयनगरच्या राजांनी दगडाचा रथ करून ठेवला. पन्नास रुपयांच्या नोटेवर त्याचे चित्र आपण रोज हाताळतो. त्याला छपराची गरज नाही. ऊन, पाऊस, वारा घेत तो शतकानुशतके उघड्यावर उभा आहे. पण त्याला कोणी ओढीत नाही. जो रथ निघत नाही त्याला काय धोका?

आमच्यासारख्या लहान देवळांना हे दोन्ही मार्ग बंद आहेत. दरवर्षी नवा रथ बांधण्याइतके द्रव्य नाही आणि रानही आता तोडायचे नाही. आणि दगडाचा करावा तर तो वेशीपर्यंत जाणार कसा? म्हणून आम्ही मधला, सर्वांत कष्टाचा मार्ग धरला: लाकडाचा करायचा, जुनाच वापरायचा, आणि दरवर्षी ओढायचा. ओढायचा म्हणून जत्रेआधी सुतार येतो, पाचरी ठोकून पाहतो, कणे तेलात भिजवतो, वाळवीची वाट शोधतो. जत्रा नसती तर रथखान्याचे दार कोणी उघडले असते? रथ टिकला तो छपराने नव्हे. तो वर्षातून एकदा बाहेर निघतो म्हणून टिकला.

माघी पौर्णिमेला आमच्या तालुक्यातल्या उळवीला चन्नबसवेश्वराची जत्रा भरते. बाराव्या शतकातल्या त्या शरणाची समाधी तिथे आहे. घाटावरून, धारवाड-बेळगावकडून, शेकडो बैलगाड्या रानातून घुंगरांचा नाद करीत येतात. मी लहानपणापासून त्या पाहत आलो. आता त्या गावांतून ट्रॅक्टर आले, शेतीला गाडी लागत नाही. तरी पुष्कळ घरांनी जत्रेसाठी म्हणून गाडी ठेवली आहे. एकदा एका म्हाताऱ्या गाडीवानाला मी विचारले होते, वर्षभर ही कुठे ठेवता? तो म्हणाला, चाके काढून आडोशाला उभी करतो, धुरा वर टांगतो, आणि जत्रेच्या महिनाभर आधी सगळे जोडून शेताला एक खेप घालतो, म्हणजे ती विसरत नाही. गाडी काय विसरत नाही, हे तेव्हा मला कळले नव्हते. चालणे विसरत नाही, असे त्याला म्हणायचे होते.

दादाचे ते उत्तर मला तेव्हा आठवले: जे चालत राहील ते घेतो. आणि मी काय केले होते? ते आवळून बांधले होते. बुडालेल्या घराच्या भयाने त्याने जे चालते म्हणून घेतले, त्याला मी दुसऱ्यांदा पाण्यात बुडवले होते, आणि दर महिन्याला वहिनींना सुखरूप आहे असे कळवीत होतो. त्या रात्री मी पुण्याला दूरध्वनी करून सगळे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही सांगितलेत हे बरे केलेत. त्यांनाही झाकपाक आवडत नसे." मला वाटते, ह्याहून मोठी शिक्षा आणि ह्याहून मोठी क्षमा एकाच वाक्यात मला कधी मिळाली नाही.

पावसाळा सरल्यावर काकांच्या देखरेखीखाली मी मांडव घातला. बांधकाम म्हणावे असे त्यात काही नव्हते, त्यामुळे सात सह्यांचा प्रश्न उरला नाही. फणसाखालची जागा प्रथम सोडली, कारण फणसाचा चीक, पाने आणि फळ ह्यांपैकी एकही गोष्ट मोटारीला मानवत नाही. घराच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी थांबत नाही, तिथे वीतभर उंच जांभ्या दगडाचा ओटा केला आणि भोवती चर खणला. आपल्याच कुळागरातल्या मोडलेल्या पोफळींचे खांब, आपल्याच बेटातले बांबू, आणि जुन्या घराची राहिलेली मंगळुरी कौले. छप्पर उंच आणि पुढे लांब ओढलेले, म्हणजे झोताचा पाऊसही आत येऊ नये. बाजू चारी मोकळ्या. प्लास्टिक कुठेच नाही. गाडीच्या अंगावर फक्त जुन्या सुती धोतरांचे शिवलेले पांघरूण, तेही पावसाळ्यात चार दिवसांनी काढून वाळवायचे.

बाकीचे नियम दांडेलीच्या एका वृद्ध मेस्त्रीने घालून दिले, तेही इथे सांगून ठेवतो. कोणाच्या तरी उपयोगी पडतील. ठेवलेल्या गाडीचा हातब्रेक ओढू नये. गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. बॅटरीची ऋण तार सोडून ठेवावी. चाकांत हवा थोडी जास्त भरावी, आणि महिन्यातून एकदा तरी गाडी हातभर पुढे-मागे ढकलावी, म्हणजे चाक एकाच अंगावर निजत नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि ते हवेतली ओल ओढून घेते, म्हणून जुने पेट्रोल टाकीत महिनोन् महिने साठवू नये. यंत्र नुसते चार मिनिटे सुरू करून बंद करणे हे न करण्याहून वाईट. सुरू केले तर नीट तापेपर्यंत गाडी फिरवून आणावी, म्हणजे आत धरलेले पाणी उडून जाते. खालच्या लोखंडावर पावसाळ्यापूर्वी तेलाचा हात फिरवावा. कापडी टप ओला असताना कधीही दुमडू नये. आणि उंदरांवर उपाय एकच, मांजर. आमच्या मांजरीने मांडवाखाली तीन वेळा पिल्ले घातली आहेत.

तारा नव्याने ओढल्या, सांगाडा घासून रंगवला, आसने पुण्याच्या भाचीने पाठवलेल्या कापडाने मढवली. गोव्याची नोंदणी कर्नाटकात आणणे, पंधरा वर्षांवरच्या गाडीची तपासणी करून पाच वर्षांचे नूतनीकरण घेणे, हे सोपस्कारही पुरे केले. एवढा खर्च एका जुन्या गाडीवर करणे शहाणपणाचे होते काय, असे चुलतभावांनी विचारले. नव्हते. परंतु रथखान्याचे पत्रे नव्याने घातले त्या वेळच्या वर्गणीतही त्या चुलतभावांनी हाच प्रश्न विचारला असता तर मला उत्तर देता आले नसते. आणि तो त्यांनी विचारला नाही, उलट वर्गणी दिली. काही गोष्टींची किंमत त्या जपण्याच्या खर्चातच असते.

2022 च्या नवरात्रात वहिनी आल्या. खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, नांगर, पाटा-वरवंटा, शिवणयंत्र, सगळ्यांची पूजा होते. त्या दिवशी मांडवातल्या गाडीलाही झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबू ठेवले. वहिनींनी हळदकुंकू लावले, आणि मग त्या काही न बोलता डाव्या बाजूचे दार उघडून आत बसल्या, जिथे त्या सतरा वर्षे बसत आल्या होत्या. मी चालवायला बसलो. मला ती गाडी धड चालवता येत नाही. तिच्यात बसायचे म्हणजे जमिनीवर पाय लांब करून बसल्यासारखे वाटते, आणि आमच्या रस्त्यावर ती प्रत्येक खड्ड्याची चौकशी करीत जाते. तरी आम्ही देवळापर्यंत गेलो, टप उघडा टाकून. काका वाटेत गवताचा भारा घेऊन उभे होते. त्यांनी भारा खाली ठेवला आणि गाडी नीट वळेपर्यंत पाहत राहिले.

रथखान्यापाशी वहिनी उतरल्या. आत जाऊन त्यांनी रथाच्या मागच्या डाव्या चाकावर हात ठेवला. दादाच्या खांद्यावरचा वण त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होता. मग म्हणाल्या, "भावोजी, पुढच्या जत्रेला मी येईन. तोवर हिला महिन्यातून एकदा फिरवून आणत जा."

तेव्हापासून प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी, पाऊस उघडला असेल त्या वेळी, मी वादळाला मांडवातून बाहेर काढतो आणि देवळापर्यंत नेऊन आणतो. येताना धोतराचे पांघरूण मांडवाच्या बांबूवर वाळत असते, आणि मांजरीची पिल्ले गाडीच्या जागी, कोरड्या ओट्यावर, ऊन खात बसलेली असतात. गाडी आत घेण्यापूर्वी त्यांना उठवावे लागते. ती रागावतात, आणि घटकाभराने पुन्हा तिच्याच खाली येऊन निजतात.